आठ दिवसांचं कलम

बसा, मित्रांनो, बसा. मी एक जुना पाट आहे आणि आल्यागेल्याला 'बसा' म्हणण्यातच माझा जन्म गेला. आता माझ्यावर कुणी बसत नाही, ही गोष्ट वेगळी. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाट पाहिला असेल तो लग्नाच्या हॉलात, चांदीचा पत्रा मारलेला. मी तसला नखरेल नाही. मी साधा सागवानी, खालून दोन पट्ट्या ठोकलेला, चार कोपऱ्यांवर चार पितळी फुलं असलेला. त्यांतली तीन उरली आहेत. चौथं कुठे गेलं ते ओघाने येईलच.

मला दौलत घाडींनी घडवलं. ते परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात होते. तिथे एक जुना माग मोडीत निघाला, त्याची फळी त्यांनी साहेबाकडून मागून घेतली आणि गेटपास करून घरी आणली. हो, गेटपास करून! चोरून आणलेल्या लाकडावर पाहुण्याला बसवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. तीन रविवार लालबागच्या चाळीच्या गॅलरीत बसून त्यांनी मला रंधलं, घासलं, तेल पाजलं. खोलीत तेव्हा खुर्ची नव्हती. येईल तो माझ्यावर बसायचा, मग तो मुकादम असो की गावचा भटजी.

त्या खोलीत चार माणसं. दौलत, त्यांची बायको रमाबाई, मोठी मुलगी सुचित्रा आणि तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान स्वप्नील. सुचित्राचं बारसं माझ्यावर झालं. स्वप्नीलला ती भाऊबीजेला माझ्यावर बसवायची, तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत आणि तो ते सारखे हलवत राहायचा. "सरळ बस रे, तेल सांडेल निरांजनातलं," असं ती दटावायची. पुढे संप झाला, गिरणी गेली, घरात भाताला कोरड्यास करायचे वांधे झाले. पण आलेल्या माणसाला पाट मांडल्याशिवाय दौलतांनी कधी बोलायला सुरुवात केली नाही. मला तेव्हा फार मान होता, मित्रांनो. खोटं कशाला सांगू, थोडा गर्वही होता.

सुचित्रा लग्नात माझ्यावरच उभी राहिली आणि गिरगावात सासरी गेली. एक खोली, पुढे गॅलरी, आणि जेवायला आठ माणसं. सासरे अंथरुणाला खिळलेले. ती सकाळी पाचला उठायची ती दिवसभर उभीच. सासरी गौरी बसत नव्हत्या, म्हणून गौरी-गणपतीचे आठ दिवस ती माहेरी यायची. घाडींच्या घरची रीत अशी, की गौर लेकीनेच उंबऱ्यातून आत आणायची. नंतर आठव्या दिवशी लेकीला पाटावर बसवायचं, तिची ओटी भरायची, नारळ, तांदूळ, खण, आणि मग ती निघायची. त्या आठ दिवसांत रमाबाई तिला ताटाजवळून उठू द्यायच्या नाहीत. "बस गो बाय, मी वाढतंय," म्हणायच्या. एकदा ती गरम भाताचा घास हातात धरून तशीच रडायला लागली. कुणीतरी आपल्याला वाढतंय, एवढ्यासाठी माणूस रडतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दौलत गेले. मग चाळ पाडून टॉवर बांधायचं निघालं. बिल्डरला भाडेपावतीवर एकच नाव हवं होतं आणि हक्क होता दोघा भावंडांचा. स्वप्नीलने ताईला न विचारताच आपलं एकट्याचं नाव पुढे केलं. मुद्दाम केलं की घाईत, ते मला आजही ठरवता येत नाही. सुचित्राला ते चाळीतल्याच बाईकडून कळलं. झालं! ती कोर्टात गेली. तिथे न्यायाधीशांनी सांगितलं, सख्खी भावंडं आहात, बसून मिटवा.

मिटवण्याचा कागद करायला सुचित्राच्या वकीलबाई चाळीत आल्या. ब्रेंडा त्यांचं नाव. गिरगावातल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुंबईकर किरिस्ताव, मराठी तुमच्याआमच्यापेक्षा खणखणीत. रमाबाईंना जिना उतरवत नव्हता, त्यांची सही लागणार होती, म्हणून बाई स्वतः आल्या. दोन्ही खुर्च्यांवर कपड्यांचे ढीग होते. तेव्हा त्या स्कर्ट सावरत माझ्यावर टेकल्या आणि मांडीवर फाइल घेऊन लिहू लागल्या. तो तडजोडीचा करार अक्षरशः माझ्यावर बसून लिहिला गेला, मित्रांनो. म्हणून त्यातला शब्द न्‌ शब्द मला पाठ आहे.

सुचित्राने खोलीवरचा आपला हक्क सोडला. सगळा. घरातल्या वस्तूसुद्धा स्वप्नीलच्या, असं लिहून झालं. बदल्यात तिने एकच गोष्ट मागितली.

"मला माझं माहेरपण हवं. गौरी-गणपतीचे आठ दिवस. मी जिवंत असेपर्यंत."

ब्रेंडाबाईंनी पेन उचललं. "माहेरपण म्हणजे काय काय? सांगा, मी लिहिते."

"म्हणजे काय? माहेरपण म्हणजे माहेरपण."

"हे बघा सुचित्राबाई, मला कळतं. माझ्या आईलासुद्धा माहेर होतं. पण करार आपल्यासाठी लिहायचा नसतो. उद्या भांडण झालं तर तो तिसऱ्याच माणसाने वाचायचा असतो, आणि त्याला कळलं पाहिजे की कोणी नेमकं काय करायचं कबूल केलं होतं. मोघम लिहिलं, की कोर्ट म्हणतं, याची अंमलबजावणी कशी करणार? तेव्हा लाजू नका. गौर आणणं, ओटी, काय असेल ते सगळं सांगा."

सुचित्रा लाजेने लालबुंद झाली. शेजारी भिंतीला टेकून तिची भावजय मृणालिनी उभी होती. तिच्याकडे बघून सुचित्रा म्हणाली, "वहिनीच्या हातची ओटी स्टँपपेपरावर लिहून घेऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"लिहायचं काय त्यात, मॅडम?" स्वप्नील म्हणाला. "ताई आमचीच आहे."

तो तेव्हा खरं बोलत होता. मी त्याला तो रांगत होता तेव्हापासून ओळखतो.

कोपऱ्यातून रमाबाई लेकीसाठी कळवळल्या. "माझ्या चेडवाक कागदार बसवतास काय रे तुम्ही? काय ता नीट लिवा तरी!" पण सुचित्राने आईचा हात दाबला. ब्रेंडाबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि लिहिलं, 'दरवर्षी गौरी-गणपतीत आठ दिवस राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय.' बस्स. पुढे कागद कोर्टात गेला, त्यावर कोर्टाचा शिक्का बसला आणि त्या कराराचा हुकूमनामा झाला. मला वाटलं, चला, सुटलो.

चाळ पडली. टॉवर उभा राहीपर्यंत तीन वर्षं संक्रमण शिबिरातल्या खुराड्यात काढली. तिथे पाय पसरायला जागा नव्हती, "यंदा राहू दे हं ताई," म्हणून तीन गणपती गेले. तिथेच रमाबाई गेल्या. 'बस गो बाय' म्हणणारं माणूसच गेलं, मित्रांनो, आणि हाक मारायची सवय मोडायला तीन वर्षं पुरेशी असतात. बाविसाव्या मजल्यावरच्या नव्या घरात आम्ही आलो त्या वर्षी रंगकाम अपुरं होतं. पुढच्या वर्षी ही दोघं गणपती दीड दिवसात उरकून बाहेरगावी गेली. त्याच्या पुढल्या वर्षी सुचित्राने स्वतःच फोन केला, तेव्हा स्वप्नील म्हणाला, "ताई, आता हे सगळं जुनं झालं गं. कोण पाळतंय?"

आणि मी? मला स्वयंपाकघरामागच्या, धुण्याभांड्याच्या ड्राय बाल्कनीत टाकलं. माझ्यावर फिनेलची बाटली, ओलं फडकं आणि मोडक्या दांड्याचा झाडू. तेल पाजलेलं लाकूड मी, पाण्याने फुगायला लागलो. एका कोपऱ्यातलं पितळी फूल हिरवं पडून सैल झालं. तिथूनच मी घरातलं सगळं बघत-ऐकत होतो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग एक दिवस दाराला नोटीस चिकटली. सुचित्राने दरखास्त केली होती. दरखास्त म्हणजे, झालेला हुकूमनामा पाळायला लावा, असा कोर्टाकडे अर्ज. मृणालिनी भाजी घेऊन लिफ्टमधून बाहेर आली तेव्हा शेजारची दोन माणसं नोटीस वाचत उभी होती. ती आत आली आणि पिशवी ओट्यावर आपटून ढसाढसा रडली. "सगळ्या मजल्याला कळलं! आपल्या घरात यायला माणूस कोर्टाकडून चिठ्ठी आणतं का? सख्खी बहीण म्हणे!" मित्रांनो, मृणालिनी वाईट नव्हती. गणपतीच्या उकडीच्या मोदकांना तिच्या हातची पारी लागायची. पण त्या दिवशी तिच्या मनाला जे लागलं, ते गेलंच नाही.

स्वप्नीलच्या वकिलाने कोर्टात सांगितलं, माहेरपण ही काय अंमलबजावणी करायची गोष्ट आहे का? निकाल आला तो स्वप्नीलने घरी मोठ्याने वाचला. न्यायाधीशांनी म्हटलं होतं, राहणं आणि दोन वेळचं जेवण, ही अट स्पष्ट आहे. बहिणीने तिच्या मोबदल्यात आपला हक्क सोडला, त्या हक्काच्या जोरावर हे घर मिळालं, तेव्हा भावाला अट पाळावीच लागेल, नाहीतर घरावर जप्ती येईल. आणि खाली एक ओळ होती. 'याहून अधिक जे काही नात्यात येते, ते करारात नाही, आणि ते करायला लावणे न्यायालयाच्या हातात नाही.'

"म्हणजे राहायला जागा आणि दोन वेळा जेवण," मृणालिनी म्हणाली. "ठीक आहे. कागदात आहे तेवढं करू."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुचित्रा आली. बरोबर कोर्टाचा बेलीफ. त्याने घड्याळ बघून वेळ लिहिली, बहिणीला घरात घेतल्याचं लिहिलं, पाणीसुद्धा न पिता गेला. ती पिशवी घेऊन दारातच उभी राहिली. केस पांढरे झालेले, टाचा भेगाळलेल्या. गिरगावातल्या घरी दिराशी, नवऱ्याशी भांडून, 'माझं माहेर आहे, बघाच तुम्ही' असं सांगून ती आली होती. हे तिनेच नंतर मला सांगितलं. कारण दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाबांचा पाट कुठाय रे?" आणि स्वप्नीलने बाल्कनीकडे बोट दाखवलं. तिने मला उचललं, पुसलं, खोबरेल लावलं आणि भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ माझ्यावर बसून राहिली. पुटपुटत होती.

ते आठ दिवस कसे गेले ते सांगायला मला नको वाटतं. ताट बरोबर एक वाजता आणि बरोबर नऊ वाजता टेबलावर यायचं. पोळ्या मोजून नव्हे, पोटभर. भाजी, आमटी, गोडाचं, सगळं. फक्त वाढून झालं की मृणालिनी आत जायची. 'अजून घ्या' म्हणायला कुणी नव्हतं. ते करारात नव्हतं. सुचित्रा ताट उचलून घासायला जायची तर मृणालिनी म्हणायची, "राहू द्या ताई. उद्या म्हणाल, काम करून घेतलं." स्वप्नील कामावरून उशिरा यायचा, मोबाइल बघत जेवायचा. गौर आली त्या दिवशी सुचित्रानेच ती उंबऱ्यातून आत आणली. पावलं उमटवली, आणि रीतीप्रमाणे मागून विचारायचं असतं, 'गौर आली, काय लेऊन आली?' ते कुणीच विचारलं नाही. तिने स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. बाई गं! मी लाकूड आहे, पण माझ्या रेषा फाटल्या.

आठवा दिवस. तिची पिशवी भरलेली. तिने मला हॉलच्या मधोमध मांडलं, पदर खांद्यावरून घेतला आणि माझ्यावर बसली. नुसती बसली, हात ओटीजवळ धरून.

मला कळलं. स्वप्नीललाही कळलं, त्याने मान खाली घातली. देव्हाऱ्याजवळ नारळ होता, तो मला दिसत होता. खणसुद्धा होता, गौरीचाच. मृणालिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिचे डोळे भरलेले होते, हे मी शपथ घेऊन सांगेन. ती एक पाऊल पुढे आली. मग तिला काय आठवलं कोण जाणे, दाराची ती नोटीस आठवली असेल. ती टेबलाकडे वळली आणि वकिलाने पाठवलेला एक कागद घेऊन आली.

"यावर सही लागेल, ताई. कागदात होतं तेवढं सगळं केलं. एक घास कमी केला नाही."

"नाही गं," सुचित्रा म्हणाली. "कमी नाही केलास."

ती उठली. कागद माझ्यावरच ठेवला आणि वाकून सही केली. 'हुकमाप्रमाणे सोय मिळाली. तक्रार नाही.' मग तिने विचारलं, "स्वप्नील, हा पाट नेऊ का रे मी?"

तो बोलायच्या आत मृणालिनी म्हणाली, "घरातल्या वस्तू ह्यांच्या, असं तुम्हीच लिहून दिलंय ना?"

"हो की. विसरलेच."

ती मला भिंतीला टेकवून ठेवायला वाकली. सैल झालेलं ते पितळी फूल तिच्या हातात आलं. तिने ते मुठीत धरलं आणि निघून गेली. कराराबाहेर जाऊन तेवढी एकच वस्तू तिने त्या घरातून नेली. मी पाहिलं आणि गप्प बसलो.

ही झाली गेल्या वर्षीची गोष्ट. आता यंदाची ऐका.

यंदा स्वप्नीलने स्वतः मला तेल लावलं. मृणालिनी नवा खण घेऊन आली, चांगला इरकली काठाचा. ताई येणार, कोर्टाचा हुकूमच आहे, दरवर्षीचा आहे, असं दोघं धरूनच चालली होती. यंदा नीट करायचं, हे एकमेकांना न बोलता दोघांनी ठरवलं होतं. चतुर्थीचा आदला दिवस गेला. गणपती बसला. ताई आली नाही. तेव्हा स्वप्नीलने फोन केला.

"अरे, तू कशाला घाबरतोस?" पलीकडून तिचा आवाज आला, अगदी शांत. "तुझ्यावर आता कोर्टाचं काही नाही. सोय मिळाली म्हणून मी लिहून दिलंय ना? ब्रेंडाबाईंना सांगितलंय, पुढे काही करू नका म्हणून. निवांत राहा."

"कोर्टासाठी नाही गं ताई, ये ना."

"घरी ह्यांचं पथ्यपाणी असतं रे. ठेवते हं."

गौरीच्या दिवशी गौर उंबऱ्याबाहेर सुपात ठेवलेली. आत आणायला घरची लेक नाही. मृणालिनी नऊवारी नेसून ओटीचं ताट हातात घेऊन उभी. स्वप्नील येरझाऱ्या घालत होता, मग त्याने ज्या बाईने आपल्याविरुद्ध केस लढवली, तिलाच फोन लावला.

"मॅडम, मी सुचित्राचा भाऊ. त्या आपल्या करारात... म्हणजे ताईने यायलाच पाहिजे, असं काही कलम आहे का?"

ब्रेंडाबाई म्हणाल्या, "नाही, स्वप्नील. राहायला येणं हा तिचा हक्क आहे. तो तिने वापरावा की सोडावा, ते तिच्यावर. बंधन फक्त तुमच्यावर होतं. दार उघडायचं."

"दार उघडंच आहे, मॅडम."

"हो. पण त्यावर मी काही करू शकत नाही."

शेवटी गौर मृणालिनीनेच आत घेतली. ओटीचं ताट माझ्यावर ठेवलं. नारळ, तांदूळ, खण. आठ दिवस सरेपर्यंत ते तसंच होतं आणि स्वप्नील दाराची कडी लावू देत नव्हता. लिफ्ट वर यायचा आवाज झाला की दोघं मान वर करायची. लिफ्ट वरच्या नाहीतर खालच्या मजल्यावर थांबायची. नवव्या दिवशी मृणालिनीने तांदूळ डब्यात ओतले.

मित्रांनो, मी लाकडाचा, मला कायदा काय कळणार? पण माझ्यावर बसून लिहिलेल्या कागदाचं काय झालं ते मी पाहिलं आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुणाशी भांडाल, मिटवाल. तेव्हा कागद जरूर करा, नीट करा, लाजून अर्धा ठेवू नका. आणि कागदात लिहायचं राहून गेलेलं जे असेल, ते माणूस समोर पाटावर बसलेलं असतानाच देऊन टाका. तो नारळ तीन पावलांवर होता.

आता मी पुन्हा बाल्कनीत नाही. देव्हाऱ्याखाली आहे, रोज पुसला जातो, मान आहे. चौथ्या कोपऱ्यात फुलाच्या जागी खिळ्याचं भोक आहे. स्वप्नील तिथे नवं फूल बसवायला निघाला होता. मृणालिनी म्हणाली, "नका बसवू. ते ताईंकडे आहे."